रेषेवरची एक्केचाळीस माणसं

साडेपाचला तिने पर्स खांद्याला लावली, तोच साहेब दारात उभे.

"निघालीस कुठे? तिमाहीचे कागद आज जायचेत. आठ तरी वाजतील."

"साहेब, माझी वेळ साडेपाचची आहे. पाळणाघर सहाला बंद होतं."

"होती. आता तू रेषेच्या वर आहेस बाई. सही केलीस की! आणि यादी कुणी केली?" साहेब हसत हसत केबिनमध्ये गेले.

यादी तिनेच केली होती. कर्ज देणाऱ्या या कंपनीच्या पगार विभागात ती सहा वर्षं होती. ठरावीक आकड्याच्या वर पगार असेल, तर त्या माणसाला ठरलेले तास, जेवणाची सुट्टी, जादा वेळेचे पैसे यातलं काहीच द्यायची सक्ती नाही, अशी मुभा कायद्यात होती. तीन महिन्यांपूर्वी कंपनीने ती वापरायला काढली. एक्केचाळीस नावं निघाली, त्यात तिचंही. कुणी फार वर नव्हतं, उंबरठ्याला अंगठा टेकावा इतकंच. पण 'वरिष्ठ श्रेणी' हे शब्द वाचून सगळ्यांनी हौसेने सह्या ठोकल्या. रोखपाल अक्कांना तर तिनेच पेन दिलं होतं. "करा हो अक्का, बढतीच समजा."

तेव्हापासून पाळणाघरात दोनदा उशीर झाला होता. तिथल्या वहीत उशिराची तिसरी सही झाली की जागा गेली. चौदा जण आधीच रांगेत. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, सासूबाई गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. चौदा महिन्यांच्या चिमणीला ठेवायला जागा नाही, तर नोकरी नाही आणि नोकरी नाही, तर घरभाडं नाही.

ती परत खुर्चीत टेकली. आपण रेषेच्या किती वर आहोत ते बघावं आणि सरळ म्हणावं, तेवढा पगार कापा. पगार कापा म्हणून हात जोडणारी या इमारतीतली ती पहिलीच असती. तिने फाइल उघडली आणि रकाने पुन्हा तपासले.

रेषेशी ताडायचा होता फक्त मूळ पगार. तिने त्यात प्रवासभत्ता धरला होता. तो दिवस तिला लख्ख आठवला. चिमणीला ताप आल्याचा फोन, घाईत ओढलेला चुकीचा रकाना आणि पळत गाठलेली बस. भत्ता वजा केला, तर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माणसं रेषेखाली येत होती.

पाच चाळीस. ती केबिनमध्ये शिरली. "साहेब, माझी चूक झालीय. मोठी."

ऐकता ऐकता साहेबांनी उठून दार लावलं. "पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं मला."

"मग बोलला नाहीत?"

"कशाला? सगळ्यांच्या सह्या आहेत." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, लहान मूल आहे तुला, कळतं मला. तुझं नाव काढतो. बाकीच्यांचं तोंडातून काढायचं नाही."

लाज वाटायच्या आत तिने होकाराची मान हलवली होती. "म्हणजे मी आता निघू?"

"आता? नाव पुढच्या महिन्यापासून निघेल. आज आठ."

ती बाहेर आली. समोर काउंटरवर अक्का खण अर्धवट उघडून, आत लपवलेलं बिस्किट खात होत्या. मधुमेहाची गोळी दुपारी दोनला जेवून घ्यायची, पण जेवायला उठायला परवानगी नव्हती. "काय गं, चेहरा असा का?" त्यांनी भरल्या तोंडाने विचारलं. "बाळ बरं आहे ना?"

ती आपल्या खुर्चीत बसली, नियमाचं पान आणि दुरुस्त केलेली यादी एक्केचाळीस जणांच्या मेलला जोडली. वर तीन वाक्यं लिहिली: 'तुम्ही कुणीही रेषेच्या वर नव्हता. चूक माझी आहे. साहेबांना माहीत आहे.' पाठवायचं बटण दाबलं. मग पर्स उचलून जी पळाली, ती मागून आलेल्या हाकेला थांबली नाही.

बस गेली होती. पाळणाघराच्या दारात पोचली तेव्हा सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. सांभाळणाऱ्या ताई चपला घालून, चिमणीला कडेवर घेऊन पायरीवर उभ्या. काखेत वही.

"ताई, आजच्या दिवस... पाया पडते तुमच्या."

"मला या अकरा मिनिटांचे पैसे कोण देतं गं?" ताईंचा आवाज चढला नाही, दमलेलाच होता. "माझंही पोर घरी वाट बघतंय. कर सही."

तिने तिसरी सही केली. चिमणी पेनाचं टोपण ओढायला वाकली आणि खुदकन हसली. पर्समध्ये फोन थरथरला. अक्कांचा निरोप होता.

'वाचलं. तीन महिने लागले होय तुला?'

तिने फोन परत आत ठेवला. उद्या सकाळी चिमणीला कुठे ठेवायचं, ते तिला अजून सुचलं नव्हतं.