कूलरसमोर हस्की, कूलरखाली भुरी

मी एक जुना, जागोजागी पोचे पडलेला कूलर आहे. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका गल्लीत, तळमजल्याच्या खिडकीत, लोखंडी स्टँडवर माझे बस्तान आहे. माझे तोंड घरात आणि पाठ गल्लीत. त्यामुळे घरातले मला दिसते आणि गल्लीतलेही कळते. मित्रांनो, दोन्हीकडचे कळणे दरवेळी सुखाचे नसते. मागच्या मे महिन्यात मला ते चांगलेच कळून चुकले.

माझा जन्म अमरावतीचा. तिथल्या एका पत्र्याच्या दुकानात कारागिराने पत्रा कापून, ठोकून मला उभे केले, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि पोटात पंप बसवला. नत्थुजी नावाच्या गृहस्थांनी मला पसंत केले. माझा आताचा मालक शेखर हा त्यांचा मुलगा. तेव्हा तो शाळेत होता आणि घरात एक पामेरियन होती. त्या काळी ज्याच्या त्याच्या घरी पामेरियनच असे. अंगाने टीचभर, पण आवाज सात घरी ऐकू जाणारा. पुढे टीव्हीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग दिसू लागला, तर लोकांना पग हवासा झाला. मग लॅब्राडोरचे, म्हणजे लॅबचे, दिवस आले, मग जर्मन शेफर्डचे. नत्थुजी गेले, शेखरने अकोल्यात मोबाइलचे दुकान टाकले, आणि टेंपोत गाद्यांच्या ढिगावर बसून मीही इकडे आलो. माणसांची हौस बदलत गेली, मी मात्र दर उन्हाळ्यात तसाच घरघरत राहिलो.

एसीची मिजास मला कुणी सांगू नये. बाहेर अंगाची लाही होत असताना वाळ्याच्या वासाची गार हवा देणारा मीच. पाहुणे आले की आधी माझ्यापुढची जागा धरायचे. माझी अट एकच. मी चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी. मी बाहेरची हवा ओली करून आत लोटतो. ती दुसरीकडून निघून गेली तरच गारवा. कोंडली तर खोलीत सगळे दमट होते, अंग चिकचिकते आणि जीव घाबरा होतो. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही हे सांगावे लागत नाही. शेखर तर माझ्याच वाऱ्यात लहानाचा मोठा झाला.

एका हिवाळ्यात शेखर हस्कीचे, म्हणजे बर्फाळ मुलखातल्या केसाळ कुत्र्याचे, पिल्लू घेऊन आला. मोबाइलवर हस्कीचे व्हिडिओ पाहून पाहून त्याला याड लागले होते. पिल्लू होतेच तसे देखणे. निळे डोळे, कापसासारखे पांढरे पोट, पाठीवर राखाडी झूल. नाव ठेवले लिओ. शेखरची बायको नीलम कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, अकोल्यात माणसं भाजून राहिली, अन् तुमी बर्फातलं जनावर आणलं?"

"कूलर हाये ना आपला!" शेखर माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणाला.

माझी छाती अशी फुगली की विचारू नका. एका जनावराचा जीव माझ्या भरवशावर टाकला जातो आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलेच नाही.

लिओ सगळ्यांचा लाडका झाला. उन्हाळा लागला की माझ्या जाळीला पाठ घासून झोपायचा, आणि त्याचे केस माझ्या जाळीत अडकून राहायचे. शेखर दुकानातून आला की बूटही न काढता त्याच्याशेजारी जमिनीवर आडवा व्हायचा. लोक खास त्याला पाहायला यायचे, फोटो काढायचे, जात विचारायचे, आणि जाताना भुरीला ओलांडून जायचे.

भुरी माझ्याखाली राहायची. माझी टाकी जरा गळते. शेखर दर वर्षी फटींत लांबीचा लेप भरतो आणि मी दर वर्षी गळतो. त्या थेंबांनी स्टँडखालची माती ओली राहते. त्या ओलीत गल्लीतली ही गावठी कुत्री दुपार काढायची. तिचा फोटो कुणी काढला नाही. शेजारच्या माणिकबाई तिला शिळी भाकर टाकायच्या, तेही कुरकुरत. माणिकबाईंना कुत्र्यांचे प्रेम असे नव्हतेच. लिओला तर त्या लांडगाच म्हणत, कारण तो मान वर करून रडल्यासारखा ओरडायचा आणि त्यांची दुपारची झोप मोडायची.

मागच्या वर्षी मे महिन्यात पलीकडच्या गल्लीतून कुणाचा तरी लॅब चोरीला गेला. शेखरने हाय खाल्ली. त्यातच तेल्हाऱ्याला नीलमच्या मामेबहिणीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघाले. सकाळीच निघायचे होते. लिओला गाडीत नेणे शक्य नव्हते.

शेखरने माझी टाकी काठोकाठ भरली, बटण फुलवर केले, आणि मग समोरची खिडकी ओढून घेतली. कडी लावली. नीलम दारातच थांबली.

"खिडकी काहून लावता? कोंडंल ना!"

"ती दाराजवळ हाये. उघडी दिसली अन् कोणी गज कापून लिओले नेलं तं? आपला लिओ साधा कुत्रा थोडी हाये! कूलर फुल हाये, संध्याकाळी येतोच आपण."

नीलमने एकदा खिडकीकडे आणि एकदा लिओकडे पाहिले. पण बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज मी ऐकला.

सुरुवातीला काही वाटले नाही. लिओ नेहमीसारखा माझ्यापुढे पसरला होता. ऊन चढले तशी माझ्या पाठीवर येणारी हवा तापली. मी ती ओली करून आत ढकलत होतो आणि तिला जायला वाट नव्हती. भिंती ओलसर झाल्या, खिडकीच्या काचेला आतून घाम सुटला. मित्रांनो, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापतो आणि गार होतो. पण भोवतीची हवाच ओलीकिच्च असेल, तर जीभ कितीही बाहेर काढली तरी उपयोग काय! लिओ धापू लागला. उठला, दाराशी गेला, खिडकीशी गेला, परत माझ्याकडे आला. त्याची जीभ गडद लाल झाली होती. त्याने माझ्या जाळीला नाक लावले. त्याला वाटत होते, गारवा इथूनच येतो.

आणि मी त्याला कोंडूनच मारत होतो.

मला थांबता येत नव्हते. माझे बटण माझ्या हातात नाही. आता तरी वीज जावी, असे मी देवाला विनवत होतो. वीज गेली की सगळी गल्ली ओट्यावर येते, कुणाच्या तरी कानी त्याचे विव्हळणे पडले असते. माझ्या घरघरीत ते माझ्या पाठीपलीकडेही जात नव्हते. रोज भर दुपारी जाणारी वीज मेली नेमकी त्या दिवशी गेलीच नाही. लिओ एकदा ओकला. मग त्याचे मागचे पाय गेले आणि तो माझ्यापुढे कुशीवर कोसळला.

माझ्याखाली भुरीने मान उचलली. तिला काय कळले, कसे कळले, मला ठाऊक नाही. ओली माती सोडून ती उन्हात उठली. डांबर असे तापले होते की ती पाय उचलून उचलून टाकत होती. माणिकबाईंच्या दाराशी जाऊन ती जीव तोडून भुंकू लागली.

"काहून भुकून राहिली व?" आतून माणिकबाई खेकसल्या. "आत्ता तं खाल्लं! डोळाही लागू देत नाही मेली!"

दार किलकिले झाले, भाकरीचा तुकडा बाहेर पडला, दार लागले. भुरीने तुकड्याकडे पाहिलेदेखील नाही. ती माझ्यापर्यंत धावत यायची आणि पुन्हा त्या दाराशी जायची. आता माणिकबाई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. भाकर तशीच पडलेली पाहून त्या चरकल्या. भुरीने भाकर सोडल्याचे त्यांनी कधी पाहिले नव्हते. तिच्यामागे येता येता त्या दाराजवळच्या खिडकीशी थांबल्या, काच ओली दिसली म्हणून डोळ्यांवर हात धरून आत पाहिले.

"माय माय माय! प्रीतमभाऊ! ओ प्रीतमभाऊ! धावा जी, लांडग्याचा जीव चालला!"

समोरच्या घरातले प्रीतम एसटीत कंडक्टर. ड्यूटीवरून येऊन नुकतेच जेवायला बसले होते, ते उष्ट्या हातानेच धावत आले. दाराला भक्कम कुलूप, बाकी खिडक्यांना गज. बिनगजाची खिडकी एकच होती, आणि तिच्यात मी बसलो होतो. प्रीतमने मला ओढायला हात घातला.

"हात नका लावू!" माणिकबाई ओरडल्या. "करंट असंल त्याच्यात! आधी मेन पाडा!"

मीटरची पेटी ओट्यावर होती. प्रीतमने मेन स्विच खाली ओढला. माझा पंखा मंदावत मंदावत थांबला आणि एवढ्या वेळानंतर लिओचा आवाज मला ऐकू आला. आवाज कसला, नुसती घरघर होती, आणि मधे मधे तीही थांबत होती.

"भरलेला हाये, हालत नाही."

"मंग पाडा ना!"

"शेखरभाऊचा कूलर हाये, मावशी."

"पाडा म्हणतो ना मी!" माणिकबाई गरजल्या. " त्याच्या कूलरले काय चाटाचं हाये?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझा असा अपमान कुणी केला नव्हता, आणि इतके बरे मला कधी वाटले नव्हते. दोघांनी मिळून जोर लावला. स्टँड कलला. मी सगळ्या पाण्यासकट गल्लीत आदळलो, एक बाजू चेपली, ताटी निसटली. प्रीतम माझ्या रिकाम्या जागेतून आत शिरले, त्यांनी धडाधड खिडक्या उघडल्या आणि लिओला उचलून बाहेर दिले. तो ओल्या पोत्यासारखा लोंबत होता.

गल्लीत लिंबाच्या झाडाखाली माझ्या टाकीचे पाणी पसरले होते. तिथेच त्याला निजवले. गुरांचे आणि कुत्र्यांचे डॉक्टर नागसेन यांना फोन लागला. "बर्फ लावू नका," ते म्हणाले. "साधं पाणी पोटावर, पंजांवर टाका, वारा घाला. मी निघालोच." माणिकबाई पदराने वारा घालत बसल्या. भुरी जवळ आली, तिने लिओचे तोंड हुंगले आणि त्याच्या पाठीशी बसून राहिली. मी आडवा पडून पाहत होतो. त्याचे पोट हालते आहे की नाही, तेवढेच पाहत होतो.

डॉक्टर आले, सलाईन लागले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग लिओने जीभ आत घेतली, आणि थोड्या वेळाने शेपटीचे टोक हलवले. "अरे लांडग्या!" म्हणून माणिकबाई रडायलाच लागल्या.

साक्षगंधाच्या डीजेत शेखरला फोन ऐकू गेला नव्हता. तो आला तेव्हा ऊन उतरले होते. त्याने आधी उघड्या खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. लिओ त्याला पाहून उठू लागला आणि पडला. शेखर गल्लीतच खाली बसला.

"मीच लावली कडी," तो म्हणाला. "मले माहीत होतं, तरी लावली."

"हा मे निघाला," डॉक्टर म्हणाले. "पुढच्याचं काय?"

"एसी बसवतो."

"अन् लाइन गेल्यावर?"

शेखर लिओचे डोके मांडीवर घेऊन त्याला थोपटत राहिला. काही आठवडे त्याने तो विषयच काढू दिला नाही. लिओ मात्र आता बंद दार दिसले की थरथरायचा. शेवटी नीलमच म्हणाली, "तुमाले तो पाहिजे, का तो जिवंत राहाले पाहिजे?"

अमरावतीला कुत्रे दत्तक देण्याचा मेळावा भरतो. हल्ली अशा मेळाव्यांना चांगली गर्दी होते, गावठी पिल्लेही लोक आनंदाने घेऊन जातात. पुढचे नीलमने माणिकबाईंना सांगताना मी ऐकले. हस्की पाहून लोकांची झुंबड उडाली. शेखर प्रत्येकाला एकच विचारत होता, "मे महिन्यात कुठं ठेवसान?" कुणी कूलर म्हणाले, कुणी एसी म्हणाले. शेखर मान हलवत राहिला. मग थंड हवेच्या चिखलदऱ्याच्या शाळेतल्या रश्मी मॅडम आल्या. त्यांचे घर घाटावर, अंगण सावलीचे, पूर्वीचा कुत्रा म्हातारा होऊन गेलेला. त्यांनी उलट शेखरलाच विचारले, "तुमी भेटाले येत जासान ना? नाही तं तो वाट पाहत बसंल."

तेव्हा शेखरने पट्टा त्यांच्या हातात दिला. परतीच्या वाटेवर तो सारखा मागच्या रिकाम्या सीटकडे वळून पाहत होता, असे नीलम म्हणाली.

यंदा होळीनंतर मिस्त्रीने मला ठोकून सरळ केले. जाळी काढली तर आत पांढऱ्या केसांचा पुंजका. तो ओढून काढायला मिस्त्रीने हात घातला.

"राहू द्या," शेखर म्हणाला. "तेवढं राहू द्या."

आता मला सुरू करण्याआधी शेखर समोरची खिडकी उघडतो. भुरीला त्याने रीतसर लस दिली, गळ्यात पट्टा घातला, माझ्यापुढे सतरंजी टाकून दिली. ती थोडा वेळ बसते, मग उठून माझ्याखालच्या ओल्या मातीत जाते. आम्ही तिला दत्तक घेतले असे शेखर सांगतो. ती आधीपासून इथलीच होती.

मित्रांनो, कुत्रा जरूर आणा. पण आणण्याआधी मे महिन्याच्या भर दुपारी एकदा आपल्या ओट्यावर अनवाणी उभे राहा आणि येणाऱ्या जिवाला हे सोसेल का, ते स्वतःच्या तळव्यांना विचारा. आणि उभे आहातच, तर जरा वाकून आपल्या कूलरखालीही पाहा.