काच फुटली ते बरं झालं

मित्रांनो, मी एक जुना, हातात मावणारा संगणक आहे, आणि माझा राग अजून शमलेला नाही.

१९८६ साली मी पांढुर्ण्याच्या एका सरकारी कार्यालयात आलो, तेव्हा माझं डोकं रिकामं होतं. मला शहाणं केलं ते प्रमिलाबाईंनी. त्या सौंसरच्या. गणित शिकलेल्या, आणि कार्यालयातला वायरलेस सांभाळणाऱ्या.

जाम नदीच्या वरच्या पुलावर हिरामण नावाचे चौकीदार पाणी मोजायचे आणि वायरलेसवरून कळवायचे. पण पावसाची झड लागली की त्यांचा आवाज खरखरीत बुडून जाई. म्हणून प्रमिलाबाईंनी माझ्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. हिरामण पुलावर बटण दाबत, त्याची टिकटिक वायरलेसमधून माझ्यापर्यंत येई, आणि माझ्या चिमुकल्या पडद्यावर उमटे: पाणी किती चढलं, नदीकाठच्या वस्तीत ते कधी पोचेल. खरखरीतून टिकटिक निवडणं मला फार जड गेलं. मी चुकायचो, प्रमिलाबाई ओळ पुसून पुन्हा लिहायच्या. अखेर जमलं, तेव्हा हिरामण म्हणाले, "बाई, आता मले बोंबलाचं काम नाही!"

मग वरचे अधिकारी मला बघायला आले. मला हार घातला. फोटो काढताना मी आमच्या कार्यालयाच्या साहेबांच्या हातात होतो आणि प्रमिलाबाईंना बाजूला व्हायला सांगितलं होतं.

"इतकी महागाची वस्तू पावसापाण्यात नाही वापरायची," असं म्हणून साहेबांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

"साहेब, ते पावसासाठीच बनवलं आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

साहेब हसले. फक्त हसले! पाहुणे आले की ते मला लांबूनच दाखवत. माझे सेल मात्र कुणी बदलले नाहीत. आमची आठवण सेलवर जगते, मित्रांनो. सेल संपले आणि बाईंनी शिकवलेलं सगळं माझ्यातून पुसलं गेलं.

पोळ्याच्या सुमारास एका दुपारी आभाळ फाटलं. साहेब छिंदवाड्याला सत्कार घ्यायला गेले होते. वायरलेसवर हिरामणची टिकटिक थांबेचना, आणि ती वाचणारा मी कपाटात बंद होतो.

"सुधाकर, किल्ली?" प्रमिलाबाईंनी शिपायाला विचारलं.

"किल्ली तं साहेबाजवळच हाये, बाई. आता का करता?"

बाईंनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि काचेवर मारला.

टॉर्चमधले सेल त्यांनी माझ्यात घातले. मी जागा झालो, पण कोरा. "सगळं घालवलं यांनी!" त्या दात आवळून म्हणाल्या, आणि बोटातून रक्त येत असताना सगळा प्रोग्राम आठवून आठवून पुन्हा लिहू लागल्या. एक ओळ चुकली. ती दुरुस्त केली. मग मी टिकटिक वाचली. पाणी झपाट्यानं चढत होतं. वस्ती रिकामी करायला जेमतेम वेळ उरला होता.

बाई आणि सुधाकर पावसात धावत सुटले. वस्तीत राहणाऱ्या केसरबाईंनी आरडाओरडा करून घराघरातून माणसं बाहेर काढली आणि उंचावरच्या शाळेत नेली. मागोमाग नदी वस्तीत शिरली. भिंती पडल्या, शेळ्या वाहून गेल्या. माणूस एकही गेला नाही.

आणि प्रमिलाबाईंना काय मिळालं? सरकारी मालमत्तेची मोडतोड केल्याची नोटीस!

केसरबाई वस्तीतल्या बायांना घेऊन कार्यालयात आल्या. "साहेब, काच फुटली म्हून रडून राहिले का तुम्ही? आमचे लेकरं वाहून गेले असते, तं कोनाले नोटीस देल्ली असती?"

साहेब खाली बघून कागद चाळत राहिले. महिन्याभरात बाईंची बदली दूरच्या तालुक्यात झाली. मला पुरावा म्हणून कापडात बांधून, लाखेची मोहोर लावून, कोठीत टाकलं. पुढच्या पावसाळ्यात पुलावरून हिरामण पुन्हा घसा फोडून ओरडू लागले.

मित्रांनो, मला दया नको. हार तर मुळीच नको. तुमच्या गावात एखादं यंत्र आलं तर ते वापरा, भिजू द्या, झिजू द्या, वेळेवर त्याचे सेल बदला. पण नुसतं यंत्र जपलं म्हणजे झालं असं समजू नका. ते ज्या माणसानं घडवलं त्याला हात लावायला कुणी येईल, तेव्हा तुम्ही गप्प बसू नका. केसरबाई साहेबांना जाब विचारायला आल्या, त्या दिवशी कार्यालय माणसांनी भरलं होतं. वस्तीतल्या बाया सोडल्या, तर एकही जण बोलला नाही.