छान सोडून काहीही

आईने बाटलीच्या तोंडावर फडकं धरलं आणि अंगठ्याने तारेची खिट्टी वर ढकलली. फस्स करून हवा सुटली, थोडा फेस फडक्यात जिरला आणि तिने खिट्टी लगेच पुन्हा दाबून बसवली.

"झाला हिचा राग शांत," ती म्हणाली. "रोज काढावा लागतो. नाही काढला तर बाटलीच फुटते. तुझ्या बाबांचं एक बरं आहे, त्यांना येतच नाही."

"यायची हिंमत पाहिजे ना," पेपरामागून बाबा म्हणाले.

मुलगी हसली. हसणं जरा लांबलंच, हे तिचं तिलाच कळलं.

बाटलीत आंबवलेला चहा होता. त्याची बरणी आईच्या आजारपणात शेजारणीने आणून दिली होती. गोड चहावर तरंगून तो आंबवणाऱ्या सायीसारख्या जाड चकतीला आई पाहुणी म्हणायची. आली ती गेलीच नाही, म्हणून. चहा आंबला की तो फळांच्या फोडींवर ओतून बाटल्या भरायच्या आणि फेस धरेपर्यंत कपाटात ठेवायच्या. या खेपेला आलुबुखार होते. सगळं आई स्वतः करायची, पण औषधांनी तिच्या जिभेची चव गेली होती. बुडबुडे टोचलेले कळायचे, बाकी काही नाही. त्यामुळे चाखायचं काम मुलीकडे आलं होतं.

आईने फ्रिजमधली बाटली उघडली आणि पेला भरून तिच्यापुढे सरकवला. रंग सुरेख उतरला होता.

"हं. सांग."

पहिल्याच घोटाला मुलीच्या कानामागून कळ गेली. नुसतं व्हिनेगर.

"छान झालाय."

"छान ही काय चव आहे? आंबट झालाय, तुरट झालाय, काय झालाय?"

"सगळं बेताचं आहे गं. छान आहे."

आई तिच्याकडे बघत राहिली. जन्मभर तिने शिवणाच्या दुकानात कापड बेतलं होतं. अंगावर घालून बघितल्यावर जे गिऱ्हाईक नुसतं 'चालेल' म्हणे, त्याला ती पुन्हा मापाला उभं करी आणि खांदा उसवायला घेई. चालेल म्हणजे कुठेतरी ओढतंय, असं तिचं ठाम मत होतं. आत्ता तिची नजर तशीच मुलीच्या चेहऱ्यावरून फिरत होती.

"आणि परवा डॉक्टर काय म्हणाले? मला बाहेर बसवून तुम्ही दोघं बराच वेळ आत होतात."

पेपरचं पान अर्धवट उलटून थांबलं.

"औषधं लागू पडताहेत म्हणाले. हळूहळू उतार पडेल."

"म्हणजे तेही छानच."

"हो."

मुलीने उरलेला पेला एका दमात संपवला. डोळे मिटू दिले नाहीत. आईने तो तिच्या हातातून घेतला आणि विसळायला वळली. "बरं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईला ताप भरला. तिला दवाखान्यात हलवलं. तिथून ती परत आली नाही.

घर भेटायला येणाऱ्यांनी भरलं आणि हळूहळू रिकामं झालं. मुलगी बाबांजवळच राहिली. कपाटातल्या बाटल्या कुणालाच आठवल्या नाहीत.

एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत असताना स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. दोघंही धावली आणि दारातच थबकली. कपाटाच्या फटीतून गुलाबी ओघळ फरशीवर येत होता. आत काच पडत असल्याचा बारीक किणकिणाट अजून चालूच होता.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "आत अजून एक असेल. मी कुणाला तरी बोलावतो."

"कुणाला बोलावणार? पोलिसांना?"

"मग न उघडताच टाकून देऊ."

"आणि कचरा उचलणाऱ्याच्या हातात फुटली म्हणजे?"

तिने पायात चपला घातल्या, जाड टॉवेल दुहेरी केला आणि कपाटाचं दार हळूच ओढलं. काचांच्या राशीमागे एक बाटली शाबूत उभी होती. तान्ह्या पोराला उचलावं तशी तिने ती टॉवेलात गुंडाळून उचलली आणि मोरीत नेली.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर चढवला.

"बाबा, मला काही दिसत नाही."

"डोळे वाचतील."

तिने अंदाजानेच खिट्टी चाचपली. ती हलेना. तिने टॉवेल आणखी घट्ट धरला आणि अंगठा रेटला. कारंजं उसळून थेट छताला लागलं. गुलाबी थेंब दोघांच्या डोक्यांवर ठिबकले आणि बाबा दचकून खाली बसले ते तसेच बसून राहिले.

बाटलीत तळाशी थोडा चहा उरला होता. तिने तो पेल्यात ओतला आणि चष्मा परत दिला.

"पिऊ नकोस," भिंतीला टेकून बसलेले बाबा म्हणाले. मग चष्मा पुसत राहिले. "तू तुझ्या घरी गेलीस की ती मला दर वेळी सांगायची, 'आजही छानच म्हणाली. पोरगी काहीतरी लपवतेय.'"

मुलीचा हात पेल्यावर थांबला.

"तुम्ही काय म्हणायचात?"

"मी काय म्हणणार? मी पेपर वाचत होतो."

छतावरून एक थेंब पडला. तिने पेला उचलला आणि घोट लगेच न गिळता तोंडात धरून ठेवला. बुडबुडे टाळूला टोचले. आंबटाने डोळ्यांत पाणी आलं. तिने ते येऊ दिलं. आणि मग आंबट ओसरल्यावर, मागून, पिकलेल्या आलुबुखाराची गोडी जिभेवर पसरली. तिने दुसरा घोट घेतला.

"कसा आहे?" बाबांनी विचारलं.

ती त्यांच्याकडे वळली नाही.

"आंबट आहे, आई. फार. लवकर काढायला हवा होता. घशात चरचरतोय." तिने ओठ पुसले. "शेवटी फळ लागतं, ते मात्र चांगलं लागतं. त्या दिवशीचा तर तोंडात धरवत नव्हता."

बाबांनी मान खाली घातली. पण तिला थांबवलं नाही.

"आणि औषधं लागू पडत नव्हती," ती म्हणाली.