पंकजाचा ‘क’

मी एक जुना आरसा आहे, हिरव्या प्लास्टिकच्या चौकटीचा, वहीएवढा. तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. मनापासून म्हणत नाही. तुमच्यासारखीच चाळीस मुले मी एका वर्गात हसताना पाहिली आहेत. तो राग अजून गेलेला नाही.

कारखान्यात माझ्या काचेला पाठीमागून चकाकी चढवली आणि मी खर्ड्याच्या आठवडे बाजारात आलो. तिथून मोनिकाने मला घरी नेऊन दाराजवळच्या खिळ्याला टांगले. तिचा नवरा बजरंग माझ्यात पाहून दाढी करी. “तोंड लई साफ दिसतंय ह्यात,” असे तो म्हणे, आणि मला बरे वाटे.

त्यांची मुलगी पंकजा बोलू लागली ती ‘क’ला ‘त’ आणि ‘ग’ला ‘द’ म्हणत. ‘काकी’ची ‘ताती’ होई, ‘गाय’ची ‘दाय’. लहान होती तोवर सगळ्यांना ते गोड वाटले. पाहुणे तिला मुद्दाम बोलायला लावत. सात वर्षांची झाली तरी ती तसेच बोले, तेव्हा त्याच पाहुण्यांनी नाके मुरडली. आजी कडूबाईने तिच्या जिभेला वेखंड चोळले. पोर ठसकून ठसकून रडली. “मुद्दाम करती ती. हट्टी हाय,” कडूबाई म्हणाली.

तिसरीत रामहरी सर तिचे वर्गशिक्षक झाले. ते तिला रोज उभी करून वाचायला लावत आणि मुलांबरोबर स्वतःही हसत. पंकजा घरी काही सांगत नसे. शेजारची निकिता तिच्याच वर्गात होती, तिने मोनिकाला सांगितले. हळूहळू पंकजाने बोलणेच सोडले. तहान लागली की ती माठाकडे बोट दाखवी. दिवाळीआधी सरांची चिठ्ठी आली : मुलीला गतिमंद मुलांच्या शाळेत घालावे.

“सर म्हणतेत म्हंजे आसंल काहीतरी,” बजरंग म्हणाला.

“सरांनी तिचं तोंड उघडून बघितलंय का?” मोनिका म्हणाली. दुसऱ्याच दिवशी ती पंकजाला एसटीने नगरच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या वाचा-उपचाराच्या मॅडमनी काय सांगितले, ते तिने संध्याकाळी बजरंगला माझ्यासमोरच ऐकवले. कान चांगले आहेत. बुद्धी चांगली आहे. ‘क’ म्हणताना जीभ मागे उचलावी लागते, हिची पुढे जाते. शिकवली की येईल. रोज दहा मिनिटे आरशासमोर बसवा. चुकली तर रागावू नका, आणि तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका.

मग मी खिळ्यावरून उतरलो. मायलेकी माझ्यासमोर गालाला गाल टेकून बसत. मोनिका चमच्याच्या दांड्याने पंकजाच्या जिभेचे टोक हलकेच दाबून धरी. “आता म्हण.” कित्येक दिवस नुसती लाळ गळाली. एकदा पंकजाने मला रागाने भिरकावले आणि माझा कोपरा तडकला. मोनिकाने तिला शब्दाने दुखवले नाही. तडकीवर चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, “उद्या करू.”

तेविसाव्या दिवशी पंकजाच्या घशातून खरखरीत आवाज निघाला. “क.” कोण बोलले ते पाहायला तिने मागे वळून पाहिले! मोनिका हसता हसता रडू लागली.

हाच सराव शाळेतही व्हावा म्हणून मोनिका मला पिशवीत घालून वर्गात गेली आणि मला बाहेर काढून सरांना दाखवले. सर म्हणाले, “आता वर्गात पावडर लावायची का, ताई? बरं, पंकजा, ‘काकडी’ म्हण.”

चाळीस तोंडे तिच्याकडे वळली. “तातडी,” ती म्हणाली. वर्गात हशा फुटला. सर पोट धरून हसले.

मोनिकाने मला सरांच्या तोंडासमोर धरले. “बघा सर. माझी लेक बोलती तवा तुमचं तोंड आसं होतं. रोज हे बघून तिची जीभ उचलंल का?”

ते हसू माझ्यात अजून तसेच होते. सरांनी मला हाताने बाजूला सारले. “बाहेर व्हा.”

“मी जाते. लेक हितंच बसंल.”

ती थेट मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांनी सरांची चिठ्ठी आणि दवाखान्यातल्या मॅडमनी दिलेला कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. पंकजा याच शाळेत राहील, तिचे वाचन एकटीला बसवून घ्यायचे आणि तिला हवा तेवढा वेळ द्यायचा, असे त्यांनी सरांना बजावले. सरांनी ते पाळले. माफी मात्र कधी मागितली नाही.

पंकजा आता पाचवीत आहे. रागावली की ‘त’ अजून निसटतो. परवा कुणीतरी चिडवले, “परत म्हण!” ती म्हणाली, “म्हणते. तू थांब.” शब्द नीट होईपर्यंत तिने तो तीनदा म्हटला, आणि चिडवणाऱ्याला उभे राहावे लागले.

घरात मोठ्या आरशाचे कपाट आले. माझी चकाकी डागाळली, मी न्हाणीत लटकतो. त्याचे मला काही नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असे कुणी असेल तर त्याला औषध सांगू नका, त्याची कीवही करू नका. तो बोलत असताना गप्प बसा आणि थांबा. एवढेही जमत नसेल तर त्याच्याकडे पाहू नका. बोलणाऱ्याला तुमचा चेहरा दिसत असतो.