दुसरा वाचक

चिंतामणीनं पेन्सिलीची खूण खोडली आणि शेजारच्या रकान्यात नवी केली. पंचांनी या खटल्यात श्रीमंत देशाला झुकतं माप दिलं नव्हतं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. तरी खूण त्यानं ‘झुकतं माप दिलं’ याच रकान्यात केली, आणि पुढचा निवाडा ओढला.

निवाडे जिनिव्हाचे होते, देशादेशांतल्या व्यापाराच्या भांडणांचे. उल्हासनगरच्या कॉलेजात कायदा शिकवता शिकवता चिंतामणीनं त्यांच्यापायी उमेदीची वर्षं घातली होती. धाकटी बहीण कुंदा अंबरनाथला आनंदनगरच्या एका रंगांच्या कारखान्यात संख्याशास्त्राचं काम बघायची. तिनं त्याच्याच कपाटातले निवाडे नेले, कॉम्प्युटरवर चढवले, पंच श्रीमंत देशांकडे झुकत नाहीत असं आकडेवारीनं दाखवणारा लेख लिहिला, आणि दिल्लीच्या परिषदेचं बोलावणं आलं तिला. चिंतामणीनं पेढे आणले. स्वतःचा पेढा मात्र त्यानं खोक्यात तसाच ठेवला. तो जळत होता, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

परिषदेची एक अट होती. तेच निवाडे दुसऱ्या कुणी, पहिल्याच्या खुणा न बघता, वाचायचे आणि मग दोघांचं जुळवून पाहायचं. कुंदा अर्थातच दादाकडे आली. जुळलं नाही की लेख बारगळेल, असा दादाचा हिशेब होता.

पुढच्या रविवारी ती अंबरनाथहून बदलापूरला त्याच्या घरी आली.

“बऱ्याच ठिकाणी जुळलं नाही रे दादा.”

“मग राहू दे. रिसर्चमध्ये असं होतं.” आवाजात त्यानं जमेल तेवढी हळहळ आणली.

“राहू कशाला देऊ? मी दिल्लीला फोन केला. म्हणाले, जुळत नाही तिथे जाणकाराचं धरा. म्हणून सगळीकडे तुझंच धरलं. मी कुठे कायदा शिकलेय?”

तिनं टाइप केलेला लेख पुढे ठेवला. पहिलं नाव त्याचं होतं. त्यानं शेवटचं पान उघडलं. निष्कर्ष पार उलटा झाला होता.

“माझा अंदाज साफ चुकला होता बघ,” कुंदा मनापासून हसली. “तू होतास म्हणून निभावलं. आता दिल्लीला वाचायचं पण तूच. एकेक निवाडा काढून विचारतात म्हणे, ही खूण इथे का केली. तुझ्या खुणांचं कारण मला कसं सांगता येणार?”

चिंतामणीनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“कधी आहे?” त्यानं विचारलं.