पेटीतली पुडी

शोझोच्या प्रोस्टेटमध्ये किरणोत्सर्गाचे बारीक दाणे पेरून त्याला घरी सोडलं, तेव्हा डॉक्टर हिनोबाईंनी त्याच्या बायकोला, तोकिएला, बजावलं होतं. दाणे आतून कॅन्सर जाळतील, पण ग्रंथी सुजेल, लघवीला त्रास होईल. त्यांना विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध द्यायचं नाही.

तोकिएने मान डोलावली. तिच्या लेखी औषध म्हणजे दवाखान्यातलं. तोयामाहून येणारा औषधवाला घरोघरी जी पेटी भरून ठेवून जातो, ती सासूच्या काळापासून घरात होती, मिठाच्या बरणीसारखी. तिला कुणी औषध म्हणतं का?

मार्चच्या गारठ्यात शोझोला सर्दी झाली. तिने पेटीतली सर्दीची पुडी काढून गरम पाण्यासोबत पुढे केली.

"कडू आहे."

"इतकी वर्षं समुद्रात बोट हाकलीत आणि पुडीला घाबरता? घ्या मुकाट्याने."

त्याने घेतली. उभ्या जन्मात स्वतःचा चहासुद्धा ओतून न घेतलेला माणूस. हातात येईल ते गिळायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो संडासातून बाहेरच येईना.

"अहो, आत झोप लागली का?"

"होत नाहीये," आतून आवाज आला. "थेंबसुद्धा नाही. पोट फुटेल गं आता."

दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. कॅन्सर पुन्हा उठला, तोकिएला दुसरं काही सुचेचना. टॅक्सीत तिने चारचौघांतली लाज सोडून त्याचा हात घट्ट धरला.

दवाखान्यात नळी घातली, पिशवी भरली, तेव्हा कुठे शोझोने डोळे उघडले.

"कॅन्सर नाही हा," हिनोबाई म्हणाल्या. "सूज तर येणारच होती. पण एकाएकी सगळं बंद? सर्दीचं काही घेतलंत का? त्याने सुजलेली वाट पार मिटते. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडावर बेतलं असतं."

तोकिएला कालची पुडी आठवली. आपल्याच हाताने दिली. ती कबूल करायला पुढे सरकली.

"मीच घेतली," शोझो म्हणाला. "पेटीतून काढली. हिला पत्ताही नाही."

हिनोबाईंनी त्याची चांगली हजेरी घेतली. बोटीवर कुणाचा शब्द ऐकून न घेतलेला तो नाखवा मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. तोकिए नुसती बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिला कधी दिसलाच नव्हता.

बाई गेल्यावर ती हळूच म्हणाली, "पेटी कुठे असते, सांगा बरं."

तो बराच वेळ छताकडे बघत विचार करत होता.

"स्वयंपाकघरात. वरच्या फळीवर."

पेटी पूर्वजांच्या देव्हाऱ्याखाली होती. रोज सकाळी तो तिच्यासमोरच बसून हात जोडायचा. तोकिएला रडू आवरेना.

"हो," ती म्हणाली, "तिथेच असते."