न फुटलेली नळी

हैबतरावांच्या पैलवानाचा जबडा म्हणजे कासार आंबोलीची शान. पैलवान हा त्यांचा कुत्रा. आई गावठी, बाप कुठल्याशा बंगल्यातला परदेशी, आणि डोकं एवढं थोरलं की पाण्याच्या बादलीत जेमतेम मावायचं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी मटण शिजलं, की सगळ्यात जाड नळी पैलवानासाठी राखून ठेवायची, असा गावात रिवाजच पडला होता. दिवस कलला की पारापाशी माणसं जमायची. पैलवान नळी दाढेखाली धरायचा, कडाड आवाज यायचा, आणि हैबतराव असे मान ताठ करून बघायचे की जणू ती नळी त्यांनीच फोडली. ती शाबासकी त्यांना वर्षभर पुरायची.

गेल्या जत्रेत नळीबरोबर दाढही फुटली. टाळ्या पडल्या, पण पैलवान मान वाकडी करून मुकाट घरी निघून गेला. भाकरी पुढ्यात ठेवली तर नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं.

पौडच्या दवाखान्यात जनावरांची डॉक्टर होती धम्मदीपा, गावातल्याच प्रदीपची लेक. तिनं फुटकी दाढ काढून हैबतरावांच्या तळहातावर ठेवली.

"काका, हाड फोडायची अशी मोठी दाढ आता दुसऱ्या बाजूला एकच राहिली. तीही गेली तर पैलवानाला जन्मभर भिजवलेला कालाच चारा. शिजवलेलं हाड तर बंदच करा. त्याच्या कपच्या आतडं फाडतात."

"अगं पन त्याला चावाया काय तरी लागतंया. न्हाई दिलं तर माज्या खाटंचा पाय खातोय."

"द्या की. पण आधी अंगठ्याचं नख दाबून बघा. थोडं तरी रुतलं पाहिजे. रुतलं नाही, तर ती वस्तू दाढेला भारी. अख्खी तोंडात जाईल एवढी लहान नको. आणि चावून चावून बारीक झाली की काढून घ्यायची, नाहीतर गिळून बसेल."

घरी आल्यावर हैबतरावांनी दिसेल त्याला नख लावायचा सपाटा लावला. बाजारातून आणलेलं शिंग, बैलाचा खूर, दोन्हींवर नख घसरलं. लाकडात रुतलं, पण त्याच्या काड्या निघत होत्या. जुन्या टायरात रुतलं, तर आतून तार डोकावली. जाड दोराचे तर धागेच सुटले.

"आता माज्या कपाळाला लावून बगा," त्यांच्या पत्नी शारदाबाई चुलीपासून म्हणाल्या.

शेवटी धम्मदीपानंच एक जाडजूड रबरी भोपळा मागवून दिला, आतून पोकळ. त्यात नख जरासं रुतायचं आणि सोडलं की खूण बुजायची. शारदाबाई त्यात ताकात कालवलेली भाकरी ठासून फ्रिजमध्ये ठेवत. पैलवान दोन पायांत तो धरून दुपारभर चाटत, चावत बसे. खाटेचे पाय वाचले, पण हैबतरावांना लाज वाटे. पैलवान म्हणवणाऱ्यानं खुळखुळा खेळावा, हे लोकांना सांगायचं कसं? कुणी आलं की ते भोपळा घोंगडीखाली सारत.

त्यातून दुसरं लचांड होतं. रबराचा तुकडा निघाला तर तो पैलवानाच्या तोंडातून काढणार कोण? हात घातला की तो गुरगुरायचा. मग हैबतराव रोज त्याच्यासमोर उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरून बसू लागले. "सोड," म्हणायचं, त्यानं सोडलं की अंडं द्यायचं आणि भोपळाही परत द्यायचा. आधी कित्येक दिवस पैलवानानं त्यांना हिंग लावून विचारलं नाही. हैबतराव चिडायचे, उठून जायचे, आणि पुन्हा येऊन बसायचे. माणूस हट्टी, कुत्रा त्याहून हट्टी. हळूहळू जमलं.

यंदा जत्रा आली तसे हैबतराव पेचात पडले. न्यावं तर दाढेची भीती, न न्यावं तर गाव म्हणणार, बोळका झाला. शेवटी खिशात अंडं टाकून ते पैलवानाला घेऊन निघाले.

पाराशी पोचले, कुणाला काही सांगायच्या आतच शेजारच्या जयवंतानं नळी उडवली. पैलवानानं ती वरच्या वर झेलली आणि नेमकी चांगल्या दाढेखाली सरकवली. गर्दी पुढं झुकली.

"सोड," हैबतराव म्हणाले. आवाज चढवला नाही.

पैलवानानं त्यांच्याकडं पाहिलं. नळीला मटणाचा वास, रस्सा अजून ओघळत होता. मग त्यानं जबडा उघडला, नळी धुळीत पडली, आणि तो येऊन त्यांच्या गुडघ्याशी बसला.

"आता फोडत न्हाई व्हय?" जयवंतानं विचारलं. "म्हातारा झाला जनू."

हैबतरावांनी आधी अंडं पैलवानाच्या तोंडात दिलं. मग वाकून नळी उचलली आणि सदऱ्याला पुसली.

"हाडं फोडनारी कुत्री दर आळीला हायेत, जयवंता. तोंडातली नळी एका शब्दावर टाकनारं एक तरी आन माज्याम्होरं."

जयवंताच्या घरचा कुत्रा तर ताटातली भाकरी पळवायचा.

नळी अख्खी होती. तिच्यावर दाताची खूणसुद्धा नव्हती. हैबतरावांनी ती एकेकाच्या हातात देऊन साऱ्या पाराला दाखवली.